खुशालराव जॅक शोधतात

आज संध्याकाळच्या आत आपल्या घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल, असं खुशालरावांनी सकाळच्या चहाला जाहीर केलं.

"टाचणी काहून पाडता?" कौशल्याबाई म्हणाल्या. "आंधीच घरात पसारा काय कमी हाय?"

"पाडत नाई. बोलायची पद्धत होय ते."

खुशालराव वीज मंडळातून लाईनमन म्हणून निवृत्त झालेले. मूर्तिजापूरच्या अलीकडची-पलीकडची अर्धी खेडी आपणच उजेडात आणली, असं ते सांगत, आणि उरलेली अर्धी अंधारात का राहिली हे विचारणाऱ्याला पुढच्या वेळी ओळख दाखवत नसत. निवृत्तीनंतर अकोल्याला जठारपेठेत घर झालं आणि त्यांचा हात घरातल्या यंत्रांकडे वळला. तेव्हापासून मिक्सर फक्त तिसऱ्या बटणावर फिरतो आणि कूलर लावला की देवघरातला बल्ब मिचमिचतो. पण चालतात दोन्ही, हे कबूल करायला पाहिजे.

दिवाळीला मुलानं, म्हणजे अमोलनं, होम थिएटर आणलं. पाच लहान डबे पाच जागी आणि एक मोठा डबा सोफ्याशेजारी. खुशालरावांना कबड्डीचं भयंकर वेड! पूर्वी कबड्डी टीव्हीत व्हायची, आता ती घरात व्हायला लागली. चढाईवर निघालेला गडी मागच्या डाव्या डब्यातून असा यायचा, की कौशल्याबाई दचकून स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायच्या. मोठा डबा घुमला की फळीवरच्या लोणच्याच्या बरण्या काठाकडे सरकायच्या. मध्यंतर झालं की कौशल्याबाई जाऊन त्यांना परत मागे ढकलून यायच्या.

आणि भिंतीपलीकडे रागिणी अभ्यास करायची. रागिणी म्हणजे अमोलची बायको. राज्यसेवेची पूर्व परीक्षा ती पास झाली होती आणि मुख्य परीक्षा तोंडावर आली होती. मागच्या खेपेला ती अगदी थोडक्यात हुकली. तेव्हा सासर-माहेरचे सगळे "आता पुरे" म्हणत असताना एकटे खुशालराव म्हणाले होते, "अजून एकडाव बस, पोरी. खांबावर पहिल्याच दिवशी कोणी चढत नाई." या एका वाक्यापायी ती सासऱ्याच्या कबड्डीबद्दल चकार शब्द काढत नव्हती. काल पाणी मागायला म्हणून खुशालराव तिच्या खोलीत डोकावले, तर ती डोक्याला ओढणी करकचून गुंडाळून, दोन्ही हातांनी कान दाबून पाठ करत बसली होती. पाणी न मागताच ते परत फिरले.

कबड्डी सोडणं शक्य नव्हतं. आवाज कमी करणंही शक्य नव्हतं, आणि ते का, हे त्यांनी आजवर कोणालाही सांगितलं नव्हतं. मग उरला एकच मार्ग. त्यांनी बाजारातून पुरणपोळीएवढ्या दोन गाद्यांचा एक हेडफोन आणला आणि ठरवलं, की सुनेला कळूही न देता तो जोडायचा. तिनं एक दिवस अचानक विचारावं, "मामाजी, आज घर इतकं शांत कसं?" आणि आपण मिशीला हात लावून नुसतं हसावं. या विचारानंच त्यांना रात्री झोप लागली नव्हती!

चहा होताच ते कामाला लागले. हेडफोनच्या वायरीला पुढे पितळी टोक असतं. ते ज्या भोकात बसतं, त्याला जॅक म्हणतात. खुशालरावांनी होम थिएटर पुढून पाहिलं, बाजूनं पाहिलं, मग सोफ्यामागे पालथे झोपून बॅटरीच्या उजेडात मागून पाहिलं. टीव्हीही तपासला. कुठेच जॅक नाही. शेवटी थिएटरच्या पाठीवर एक बारीक भोक सापडलं आणि टोक त्यात टचकन बसलं. खुशालरावांनी हर्षानं हेडफोन कानाला लावला. कानात चिडीचूप. बाहेर मात्र कालच्या सामन्याचं पुनःप्रक्षेपण दणाणत होतं.

ते तडक बाहेर ओट्यावर आले आणि अमरावतीला देवरावांना फोन लावला. देवरावही निवृत्त लाईनमन, पण जावयाचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान असल्यानं हल्ली जरा जास्त शहाणे झालेले. खुशालराव फोनवर नेहमी खांबाच्या टोकावरून खाली बोलायच्या आवाजातच बोलत.

"देवराव, आमच्याकडं जॅकच नाई ना बाप्पा! सारं पाहून झालं. एक सापडला, पण तो नुसता घेते, देत काईच नाई."

पलीकडून देवरावांनी समजावलं, की ते भोक आवाज आत घेण्याचं आहे, बाहेर देण्याचं नाही. ऑप्टिकल नावाची वायर आण, मध्ये एक डबी लागते, ती डबी मी पाठवतो.

"असं? थेट काम होत नाई? मधात डबी द्याच लागते?" खुशालराव ओरडले. "देऊ ना मंग! सुनेच्या परीक्षेच्या आंधी झालं पायजे सारं. अन हे पाय, बिलकुल आवाज नाई झाला पायजे. घरात कोणाले सांगतलं नाई म्या. सुनेले तं अजिबात नाई. डबी अमोलच्या हाती दे, तो रोज तथीच येते नोकरीवर."

शेजारच्या ओट्यावर पंचफुलाबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांचा हात शेंगेतच थांबला.

आता आपल्याकडे जॅक मुळात दोन. एक ट्रकखाली लावतात आणि एक साहेबाकडे लावतात. बदली असो, भरती असो, की नळाचं कनेक्शन असो, काम अडलं की माणूस पहिला प्रश्न विचारतो, "कोणाचा जॅक आहे का?" हेडफोनचा म्हणून एक तिसरा जॅक असतो, हे पंचफुलाबाईंच्या कानावर कधी आलं नव्हतं. त्यांनी शेंगा पदरात गोळा केल्या, दळणाचा डबा घेतला आणि दळण नसताना चक्कीवर गेल्या. तिथे चार बायका होत्या. खुशालराव सुनेला साहेबीण करायला जॅक शोधून राहिले, डबी अमरावतीहून येऊन राहिली, आणि सुनेला यातलं काही माहीत नाही, ही बातमी गहू दळून व्हायच्या आत जठारपेठभर झाली.

इकडे खुशालराव ऑप्टिकल आणायला निघाले. चौकातच एका दुकानावर 'ऑप्टिकल्स' अशी लांबलचक पाटी होती. इतकं सोपं काम देवरावांनी इतकं अवघड करून का सांगितलं, म्हणून हसतच ते आत शिरले.

"ऑप्टिकल पायजे."

"बसा काका," दुकानदार म्हणाला. "जवळचं दिसत नाही की लांबचं?"

"मागचं दिसत नाई. सोफ्यामागं अंधार राह्यते."

दुकानदारानं विचार केला आणि त्यांच्या नाकावर लोखंडी चौकट बसवून समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. खुशालरावांनी ती घडाघडा वाचली. वायर देण्याआधी शिक्षण तपासतात, ही नवीन पद्धत त्यांना आवडली.

"डोळे तर उत्तम आहेत, काका."

"डोळ्याचं कोण म्हणते? आवाज नाई येऊन रायला कानात."

"मग कानाच्या डॉक्टरकडे जा ना. इथं कशाला आलात?"

खुशालरावांचा चेहरा खर्रकन उतरला. "माह्या कानाले काई नाई झालं," असं दोनदा सांगून ते बाहेर पडले. पुढच्या टीव्हीच्या दुकानात ती वायर मिळाली, तेव्हा कुठे त्यांच्या अंगात पुन्हा हुशारी आली.

घरी आले तर सोफ्यावर उत्तमराव बसलेले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे बूट. एका मंत्र्याच्या ड्रायव्हरच्या मेहुण्याशी उत्तमरावांची ओळख होती, आणि तेवढ्या ओळखीवर ते अख्ख्या जठारपेठेची कामं घेत. ती होत नसत ही गोष्ट वेगळी.

"खुशालराव, तुमाले जॅक पायजे म्हणते," ते त्यांच्या कानाशी लागून म्हणाले.

खुशालरावांना भरून आलं. आपली अडचण ओळखून घरापर्यंत आलेला हा पहिलाच माणूस! "पायजे ना! तुमच्याकडं हाय?"

"आपल्याकडं नाई तं कोणाकडं राहीन? कोणता पायजे, बोला."

"साडेतीनचा," खुशालरावांनी टोकाचं माप सांगितलं.

उत्तमरावांनी घड्याळाकडे पाहिलं. "साडेतीनले साहेब झोपेल राह्यते. पाचचा चालते काय?"

"पाचचा आतच जात नाई ना, भाऊ."

"मी नेतो ना आत."

"जबरदस्ती केली तं फाटते ते. मंग दोन्हीकडून गेलं."

उत्तमरावांनी मान डोलवली. हा माणूस दिसतो तेवढा साधा नाही, हे त्यांना पटलं. "बरं, आवाज कोणाचा दाबायचा हाय?"

"पाच जणाईचा. पण त्याईचं एवढं काई नाई. तो जो मोठा हाय ना, खाली बसेल राह्यते, तो एकदा घुमला की साऱ्या घराची माती करते. त्याचा बंदोबस्त पायजे पहिले. रागिणीच्या परीक्षेच्या आंधी."

त्याच वेळी रागिणी चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. तिनं ट्रे टेबलावर ठेवला. कपातला चहा बशीत सांडला. सकाळपासून गल्लीतल्या दोघी तिला खिडकीतून "नशीबवान आहेस बाई" म्हणून गेल्या होत्या, आणि ते कशाबद्दल ते आत्ता तिला कळलं.

"मामाजी," ती म्हणाली, "मागच्या वेळी तुम्हीच म्हणाले होते ना, अजून एकदा बस म्हणून?"

"हो, म्हणलो ना."

"मग आता माझ्यावर भरवसा नाही तुमचा?"

खुशालराव गडबडले. बेत फुटला! हिला जोडाजोडीचं कळलं, आणि सासऱ्यानं आपल्यासाठी एवढी धावपळ करावी हे तिला आवडलेलं दिसत नाही. ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "भरवसा हाय, पोरी. पण जॅक लागतेच. आजकाल त्याच्याशिवाय काईच होत नाई. तू कितीबी अभ्यास कर, हे काम झाल्याबिगर तुह्या अभ्यासाचं काई खरं नाई."

रागिणीचे डोळे भरले. तिनं ते पुसले नाहीत. "ठीक आहे," ती म्हणाली. "मी उद्या सकाळच्या गाडीनं चांदूरले जाते. माहेरीच अभ्यास करीन, आणि परीक्षा तिकडूनच देईन." ती आत गेली आणि कपाटाच्या माथ्यावरून बॅग खाली ओढल्याचा आवाज आला.

उत्तमराव चहा न पिताच उठले. "घरातलं निस्तरा तुमी. साहेबाईशी बोलून मी संध्याकाळी येतो," म्हणाले आणि गेले.

खुशालराव मटकन सोफ्यावर बसले. इतका त्रास होता पोरीला आपल्या कबड्डीचा, आणि तोंडानं कधी बोलली नाही! घर सोडायची पाळी आली तिच्यावर. आता ही चांदूरला गेली, तिथल्या पाहुण्यारावळ्यांत अभ्यास राहिला आणि पुन्हा थोडक्यात हुकली, तर ते पाप कोणाच्या माथ्यावर?  सकाळची गाडी सुटायच्या आत या घरात शांतता नांदलीच पाहिजे. मरेपर्यंत कबड्डी नाही पाहिली तरी चालेल, असंही त्यांच्या मनात आलं. पण संध्याकाळी उपांत्य सामना होता.

दिवेलागणीला अमोल अमरावतीहून गाडीनं आला. त्यानं खिशातून पुड्यात बांधलेली डबी काढली. "देवराव काकांनी दिली. काय होय हे?"

"चूप," खुशालराव म्हणाले आणि डबी झपकन हिसकावून घेतली. पंचफुलाबाईंनी ओट्यावरून हे पाहिलं. अमोल आत गेला, बायकोची बॅग पाहिली, आणि काय झालं हे विचारायची हिंमत न होऊन बॅगेशेजारीच बसला.

खुशालराव सोफ्यामागे पालथे झाले. वायर टीव्हीत बसली, डबीत बसली, डबीवर लाल दिवा लागला. हेडफोनचं टोक डबीत टचकन गेलं. त्यांनी गाद्या कानांवर चढवल्या, आणि काय सांगावं! चढाईवरच्या गड्याचा श्वाससुद्धा कानात आला! प्रेक्षकांत कोणीतरी शिंकलं, तेही आलं. खुशालरावांनी भोवती पाहिलं. वर पंखा फिरत होता, पण त्याची घरघर नाही. समोर कौशल्याबाईंचे ओठ हलत होते, पण शब्द नाही. सगळं घर कसं शांत, निवांत. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना इतकं सुख झालं.

त्या डबीनं आवाज कानाला दिला होता, हे खरं. पण सहा डब्यांचा आवाज तोडायचा असतो हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. आणि खुशालरावांना तर नाहीच.

त्यांना थोडा अजून आवाज हवासा वाटला. त्यांनी थिएटरचा रिमोट दाबला. कानात फरक पडेना. पुन्हा दाबला. मग दाबतच राहिले. कौशल्याबाई दोन्ही हातांनी कान धरून काहीतरी सांगू लागल्या, तर हिलाही हेडफोन पाहिजे असं वाटून खुशालराव हसले आणि "थांब" अशी खूण केली. स्वयंपाकघरात लिंबाच्या लोणच्याची बरणी फळीवरून सुटली आणि फरशीवर पडून तिच्या ठिकऱ्या झाल्या. खुशालरावांनी ते डोळ्यांनी पाहिलं आणि त्यांचा ऊर अभिमानानं भरून आला. बरणी फुटली तरी आवाज नाही! देवराव म्हणजे माणूस नव्हे, देव!

दारात माणसं जमली. पुढे पंचफुलाबाई, मागे गल्ली, आणि साहेबांशी बोलून आलेले उत्तमराव. हे सगळे आपली कामगिरी पाहायला आलेत असं समजून खुशालरावांनी ओठांवर बोट ठेवलं आणि आतल्या खोलीकडे हात करून खुणेनं सांगितलं, की पोरगी अभ्यास करते, गडबड करू नका.

आतून रागिणी आली. रडून लाल झालेला चेहरा, मागे अमोल. ती सरळ भिंतीपाशी गेली आणि तिनं थिएटरचं बटण बंद केलं. सहाही डबे एका क्षणात मेले. खोलीत, ओट्यावर, गल्लीत शांतता पसरली. टीव्हीवर सामना चालूच होता आणि तो फक्त खुशालरावांच्या कानात शिरत होता. त्यांची रागिणीकडे पाठ होती. त्यांनी कौशल्याबाईंना जवळ ओढलं आणि कुजबुजल्यासारखं केलं. कान झाकलेला माणूस कुजबुजतो, तेव्हा ते चौकापर्यंत ऐकू जातं.

"कौशल्ये," ते गरजले, "तिले आत्ता काई सांगू नोको! सकाळी उठली अन घर चूप दिसलं, की नाई जाणार ते चांदूरले! माह्या कबड्डीपायी जाऊन रायली बिचारी! हा एवढासा हेडफोनचा जॅक नव्हता त्या थिएटरले, म्हणून साऱ्या गावात बोंबलत फिरलो म्या!"

दारात उत्तमरावांनी पंचफुलाबाईंकडे पाहिलं. पंचफुलाबाईंनी छताकडे पाहिलं.

"आवाज कमी करून पाहता आली असती म्हणा कबड्डी," खुशालराव पुढे म्हणाले, "पण मले ऐकू येत नाई वं आता! दोन्ही कान गेले! तुले नाई सांगतलं, पोराले नाई सांगतलं, लाज वाटते! पण त्या पोरीच्या अभ्यासाची माती नाई झाली पायजे! ते पास होणारच हाय, हे मी लिहून देतो! तिले कोणाच्या जॅकची गरज नाई, गरज हाय मले!"

 कौशल्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला. उत्तमराव गर्दीतून मागच्या मागे निघून गेले. त्यांच्याबरोबर साहेबही गेले असावेत, कारण त्यांचं नाव पुन्हा निघालं नाही.

रागिणीनं पुढे होऊन सासऱ्याच्या कानांवरचा हेडफोन हळूच उचलला. खुशालराव दचकून वळले. खोलीत कुठेच काही वाजत नव्हतं.

"पाह्यलं?" ते आनंदानं म्हणाले. "किती शांत झालं!"

"आत्ता झालं," कौशल्याबाई त्यांच्या कानाशी वाकून म्हणाल्या. "मघापासून सारी जठारपेठ हादरून रायली. लिंबाचं लोणचं गेलं."

खुशालरावांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं, दारातल्या गर्दीकडे पाहिलं, आणि त्यांची मान हळूहळू खाली गेली. आता हिला कोणत्या तोंडानं थांब म्हणायचं? पण रागिणी रडत नव्हती. हसतही नव्हती. तिनं हेडफोनचं टोक डबीतून ओढून काढलं आणि थिएटरचं बटण पुन्हा लावलं. कबड्डी घरात आली. मग तिनं त्या दोन जाडजूड गाद्या स्वतःच्या कानांवर घट्ट बसवल्या.

"तुम्ही पाहा, मामाजी. मोठ्यानं पाहा," ती म्हणाली, आणि तीही आता ओरडतच बोलत होती. "उद्या कानाच्या डॉक्टरकडे जाऊ. चांदूरले नाही. अन मले खरंच जॅकची गरज नाही."

ती खोलीत गेली. वायरीचं टोक तिच्यामागून फरशीवर घासत गेलं. अमोलनं बॅग पुन्हा कपाटावर चढवली.

कौशल्याबाईंनी त्या बंद दाराकडे पाहिलं. मग नवऱ्याच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "हेडफोन तिच्याच कानाले लावून द्यायचा, एवढं तुमच्या डोक्यात नाई आलं?"

"आलं होतं ना," खुशालराव डबीवरचा लाल दिवा न्याहाळत म्हणाले. "पण त्याच्यात जोडायचं काईच राह्यत नाई."